आमचा नाताळ मराठी आहे, तो इकडे मिळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की गावाकडच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "तुमची काय बाबा मजा आहे, खरा ख्रिसमस तिकडेच असतो." नातेवाईक बोलतात, शाळेतल्या मैत्रिणी बोलतात, आणि पेपरात नाताळच्या दिवशी जे येतं तेही जवळपास तसंच असतं, बर्फ, सांता, प्लम केक, वांद्र्याची रोषणाई, गोव्याची गर्दी आणि लंडन-न्यूयॉर्कचे फोटो. मी मूळची वसईची, तिथल्या मराठी ख्रिश्चनांच्या कुपारी समाजातली, आता काही वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, नवरा आणि शाळेत जाणारी एक मुलगी असं आमचं घर आहे. आणि मला मनापासून सांगायचंय की वर्षातला सगळ्यात परका दिवस इथे मला कुठला वाटत असेल तर तो २५ डिसेंबरच. दिवाळीला इथे परकं वाटत नाही हो, लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीत एवढे दिवे लागतात आणि एवढी माणसं रस्त्यावर येतात की भारतातलंच एखादं गाव वाटावं. नाताळलाच वाटतं. हे ऐकून लोकांना नवल वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

वसईत पोर्तुगीज १५३४ मध्ये आले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, हे सगळ्यांना शाळेत शिकवलेलं असतं, पण तिथेच धडा संपतो. पोर्तुगीज गेले, आम्ही कुठे जाणार, आमची शेतं तिथे, वाड्या तिथे, विहिरी तिथे. आमची आजी लाल लुगडं नेसायची, वाडीत केळी आणि पानवेली करायची, आणि घरात आम्ही जी बोली बोलतो ती मराठीचीच बोली आहे. आजीच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, लॅटिनमध्ये व्हायची, तिला एक अक्षर कळायचं नाही तरी ती सगळं पाठ म्हणायची, मग साठच्या दशकात कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांच्या भाषेत प्रार्थना सुरू झाली आणि आमच्याकडे ती मराठी झाली. म्हणजे मी जन्मल्यापासून देवाशी मराठीतच बोलत आलेय. १९९८ ला वसईचा वेगळा धर्मप्रांत, म्हणजे स्वतःचा बिशप असलेला चर्चचा विभाग, झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या गावात जो आनंद झाला होता तो मी फोनवरून ऐकलाय, आई रडत होती अक्षरशः. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा मी इथे वॉर्डात होते आणि कोणाला सांगू हेच कळेना, कारण आजूबाजूला एकालाही सांगून कळणार नव्हतं की कोण गेलंय.

आमच्याकडे नाताळ म्हणजे आधी घर. नोव्हेंबरच्या शेवटी आगमनकाळ सुरू झाला की चर्चमध्ये दर रविवारी एक एक मेणबत्ती वाढत जाते आणि इकडे घरात तयारी वाढत जाते. रंग काढा, पडदे धुवा, बांबूच्या कामट्यांचा तारा बांधा, त्याला कागद चिकटवा आणि माडावर नाहीतर गच्चीवर चढवा. मुलांचं मुख्य काम गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. गोठ्यातल्या शेतासाठी करवंट्यांत नाहीतर ताटलीत माती घालून नाचणी पेरायची, रोज पाणी शिंपडायचं, आणि नाताळपर्यंत ती वितभर नसली तरी बोटभर हिरवीगार यायला हवी, उशीर झाला तर शेत टकलं राहतं आणि लवकर पेरली तर वाढून लोळते, त्यामुळे कोणत्या दिवशी पेरायची यावरून भावंडांत भांडणं. पेंढा शेजारच्या भंडाऱ्यांच्या गोठ्यातून यायचा, खऱ्या गाईच्या गोठ्यातून, तो वास अजून माझ्या नाकात आहे.

आणि कुलकुल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मैद्याचं पीठ नारळाच्या दुधात भिजवायचं, त्याची सुपारीएवढी गोळी करायची आणि नव्या कंगव्याच्या दातांवर ठेवून अंगठ्याने दाबून गुंडाळायची, म्हणजे त्यावर रेघा उठतात आणि शिंपल्यासारखा आकार येतो. दरवर्षी कुलकुलसाठी नवे कंगवे आणायचे आणि त्यावरून कोणी केस विंचरले तर आई जी ओरडायची! घरातल्या सगळ्या बायका, मुली, काकू, आत्या, शेजारच्या पाटलांची सून, सगळ्या चटईवर गोल बसून रात्री उशिरापर्यंत कुलकुल वळत राहायच्या, आणि वर्षभरातल्या सगळ्या गोष्टी, कोणाचं लग्न जमलं, कोणाचं मोडलं, कोणाची जमीन बिल्डरने घेतली, सगळं त्या चटईवर निघायचं. करंज्या, रव्याचा केक, आदल्या रात्री व्हिनेगर मसाल्यात मुरत ठेवलेलं मांसाचं इंद्याल, हे सगळं आहेच, पण माझ्यासाठी नाताळ त्या चटईवर सुरू होतो.

मग २४ च्या रात्रीची मिस्सा, नवे कपडे, थंडीत चर्चच्या पटांगणात बसलेलं अख्खं गाव, गायनमंडळाची पेटी आणि तबला. हो, पेटी आणि तबला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दार उघडंच. कोणीही यावं, खावं, गोठा बघावा, पुढच्या घरी जावं. फराळाची ताटं शेजारच्या हिंदू घरी जातात, दिवाळीत त्यांची आमच्याकडे आलेली असतात, आणि ताट रिकामं कधी परत येत नाही, निदान साखर तरी घालून येतं. आख्ख्या दिवसात आपण एकटे आहोत असं वाटायला पाच मिनिटं मिळत नाहीत, लहानपणी मला त्याचाच कंटाळा यायचा.

आता इकडचं ऐका. इंग्लंडमध्ये नाताळची धूम नोव्हेंबरपासून असते, दुकानात गाणी, रस्त्यावर दिवे, ऑफिसच्या पार्ट्या, बाजारात गर्दी, आणि हे सगळं २४ च्या संध्याकाळी कोणीतरी बटण दाबावं तसं बंद होतं. २५ ला रेल्वे नाही. जवळपास बसही नाहीत. मोठी दुकानं उघडायला कायद्यानेच बंदी आहे, २००४ चा कायदा आहे तसा, २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान २५ डिसेंबरला उघडता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो कायदा आवडतो, दुकानात काम करणाऱ्या बायकांनाही घर असतं. पण पहिल्या वर्षी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि चारच्या आत अंधार, तेवढ्या वेळात रस्त्यावर चिटपाखरू नाही. प्रत्येक खिडकीत झाड चमकतंय, आत माणसं दिसतायत, आणि दार बंद. दार बंद करून फक्त आपल्या कुटुंबाने एकत्र जेवायचं हाच इथला नाताळ आहे, टर्की, भाजलेले बटाटे, छोट्या कोबीसारख्या त्या भाज्या, फटाकडी ओढून त्यातून निघालेला कागदी मुकुट डोक्यावर, तीन वाजता राजाचं भाषण, मग टीव्ही. त्यांच्यासाठी तो वर्षातला सगळ्यात जवळचा दिवस आहे आणि त्यात वाईट काहीच नाही, आपल्याकडेही भाऊबीज घरातच होते. पण ज्याचं घरच इथे नाही त्याने काय करायचं? कोणी आपल्याला बाहेर काढलेलं नसतं, फक्त आत बोलवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण त्या दिवशी कोणाकडे जायचं नसतं हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं.

हॉस्पिटलात तर नाताळ असो काही असो वॉर्ड चालूच. आमच्याकडे साधारण असं असतं की नाताळ किंवा नवीन वर्ष यातलं एकच सुट्टी म्हणून मिळतं आणि रोटा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, लागला की सगळे आधी तेच बघतात. वसईत रात्री बाराची मिस्सा सुरू होते तेव्हा इथे २४ ची संध्याकाळी साडेसहा वाजलेली असते, साडेपाच तासांचा फरक, म्हणजे बरोब्बर ड्युटीच्या मधोमध, औषधांची ट्रॉली फिरवायची वेळ. एका वर्षी ब्रेकमध्ये भावाने चर्चमधून व्हिडिओ कॉल लावला, फोन त्याने खिशात उभा ठेवला होता त्यामुळे मला वेदी दिसतच नव्हती, पुढच्या रांगेतल्या कोणाची तरी पाठ आणि निळा स्वेटर दिसत होता, पण आवाज येत होता, सगळं गाव मराठीत गात होतं, मध्ये कोणाचं तरी बाळ रडत होतं, आणि मी स्टाफरूममध्ये थंड सँडविच हातात घेऊन ते ऐकत बसले. ब्रेक संपला तेव्हा कॉल कट करायचं जिवावर आलं.

पण वॉर्डातला नाताळ मला इथे बरंच काही शिकवून गेला. त्या दिवशी ज्यांना घरी सोडता येणं शक्य आहे त्यांना डॉक्टर सोडतात, म्हणजे जे उरतात ते एकतर खूप आजारी असतात नाहीतर ज्यांना घ्यायला कोणी येणार नसतं असे. म्हातारी माणसं, मुलं लांबच्या शहरात, रेल्वे बंद, भेटायला येणार कोण. ज्यांचा हा "खरा ख्रिसमस" आपण म्हणतो ना, त्यांच्याच देशात त्यांच्याच सणाला ती माणसं माझ्यासारखीच खिडकीकडे बघत असतात. मग आम्ही सगळ्यांच्या डोक्यावर ते कागदी मुकुट घालतो, भाषण लावतो, जेवण भरवतो. मी दोनदा जास्त फेरी मारते आणि उगाच गप्पा मारते, आमच्या गावच्या केळीच्या वाड्यांच्या, गोठ्याच्या. ऐकतात आवडीने.

एक पोलिश मैत्रीण आहे माझी, आमच्याच वॉर्डात काम करते. पोलंडमध्ये नाताळचं मोठं जेवण २४ च्या संध्याकाळी असतं, आकाशात पहिला तारा दिसल्यावरच बसायचं, मांस नाही, मासे आणि बीटाचं सार वगैरे बारा पदार्थ, आणि जेवायच्या आधी एक पातळ पापडीसारखी वेफर असते, ती एकमेकांच्या हातातली थोडी थोडी मोडून खायची आणि एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या. आणि त्यांच्या टेबलावर एक जागा जास्तीची मांडून ठेवतात, ताट, चमचे, खुर्ची सगळं, अचानक कोणी पाहुणा आला तर त्याच्यासाठी. एका वर्षी मला नि नवऱ्याला सुट्टी होती, तिला कळलं की आम्ही घरीच आहोत, तिने फोन करून सांगितलं की या, जागा मांडलेलीच आहे. आम्ही तिघं होतो, त्यांनी अजून दोन खुर्च्या ओढल्या. मी त्या मांडून ठेवलेल्या ताटावर बसले आणि मला आमच्या उघड्या दाराची इतकी आठवण झाली की पहिला घास घशाखाली उतरेना. तिची आई इंग्रजी बोलत नाही, ती फक्त माझ्या ताटात वाढत राहिली. आयांना भाषा लागत नाही वाढायला.

तेव्हापासून मी जरा डोळे उघडून बघायला लागले की बाकीचे लोक कसं करतात. केरळच्या नर्सेस इथे हजारोंनी आहेत, त्यांनी काय उभं केलंय बघा, डिसेंबरात त्यांची मंडळी ड्रम घेऊन घरोघर कॅरल गात फिरतात, मल्याळी मिस्सा आहे, आणि २०१६ पासून तर त्यांच्या सिरो-मलबार या केरळी कॅथलिक चर्चचा ग्रेट ब्रिटनसाठी स्वतंत्र धर्मप्रांतच आहे, प्रेस्टनला. फिलिपिनो लोक १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेची मिस्सा करतात आणि त्यांचे ते ताऱ्याचे कंदील लावतात, अगदी आपल्या आकाशकंदिलासारखे. स्विंडनला गोंयकारांची एवढी मोठी वस्ती झालीय की तिथे कोंकणीतून मिस्सा होते. आणि आम्ही मराठी ख्रिश्चन? आम्ही आहोत, बरेच आहोत, वसईचे आहेत, मुंबईचे ईस्ट इंडियन, म्हणजे तिथले मूळचे मराठी कॅथलिक, आहेत, अहिल्यानगरचे, जालन्याचे, कोल्हापूरचे आहेत, पण एकमेकांना माहीतच नाही. कॅथलिक एका चर्चला, प्रोटेस्टंट दुसऱ्या चर्चला, आणि इंग्रजीत सगळं चालतंय तर चालू दे. मला इथे राहायला लागल्यापासून आजवर एकदाही मराठी मिस्सा मिळालेली नाही. प्रार्थना इंग्रजीत येते हो मला, शब्द सगळे कळतात, पण नाताळच्या रात्री मराठी ऐकल्याशिवाय मनाला पटत नाही की सण झाला.

घरात जमेल तेवढं करतो. लेस्टरला गुजराती दुकानांमुळे नारळ, तांदळाचं पीठ, गूळ, अख्खी नाचणीसुद्धा मिळते, त्याबाबतीत आमचं नशीब चांगलं. आई कोणा येणाऱ्याबरोबर मे महिन्यात कुटलेला घरचा मसाला आणि सुकेळी पाठवते, सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली, आमच्या वसई-आगाशीची खासियत. इंद्याल मात्र पाठवता येत नाही, भारतातून मांसाचं आणि दुधाचं काही इथे आणायला बंदी आहे, एका बाईचं मिठाईचं अख्खं पुडकं विमानतळावर गेलं ते मी स्वतः बघितलंय, म्हणून कोणी येणार असेल तर आधीच सांगा त्यांना. ओव्हनने तापलेली खोली आणि गरम हिटर यांमुळे पीठ बरं फुगतं पण नाचणीचं मात्र अवघड आहे. इथे डिसेंबरात ऊनच नाही. मुलीने खिडकीशी पेरली तर थंडीने उगवेचना, हिटरवर ठेवली तर उगवली पण पिवळी, लांबच लांब आणि सगळी काचेकडे झुकलेली. मग गावी फोन लावला, पप्पांनी सांगितलं की रात्री हिटरवर आणि दिवसा खिडकीत ठेवा आणि नोव्हेंबरच्या शेवटीच पेरा, तिकडच्यापेक्षा दुप्पट दिवस धरा. आता बऱ्यापैकी हिरवी होते. शाळेतल्या नाताळच्या नाटकात मुलगी मेंढपाळ झाली होती, डोक्याला किचनचं फडकं बांधून, इथे बऱ्याच प्राथमिक शाळांत तसं करतात, आणि तिने बाईंना सांगितलं की आमच्या घरच्या गोठ्यात खरं शेत आहे. दुसऱ्या दिवशी बाईंनी ती ताटली वर्गात आणायला सांगितली.

माझा चुलतभाऊ कुवेतला आहे, त्याचं वेगळंच. तिथे २५ डिसेंबरला सुट्टीच नसते, ड्युटी करून संध्याकाळी कपडे बदलून चर्चला जायचं, पण चर्चला तोबा गर्दी, सगळ्या देशांची माणसं, वसईची पोरंही भेटतात आणि मग एकाच्या खोलीवर सगळे मिळून इंद्याल करतात. सौदीत असलेल्या मित्राला तर चर्चही नाही, तो खोलीतच मोबाइलवर मिस्सा लावतो. भाऊ म्हणतो तुमच्याकडे सुट्टी आहे पण माणसं नाहीत, आमच्याकडे माणसं आहेत पण सुट्टी नाही. मी म्हटलं खरंय रे बाबा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्यावर येते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना माझी विनंती आहे. लंडनचं मंडळ १९३२ पासून आहे, बाकी शहरांतही ठिकठिकाणी मंडळं आहेत, गणपती, दिवाळी, संक्रांत, पाडवा सगळं जोरात होतं आणि आम्ही त्यात असतो. मी स्वतः गणपतीला उकडीचे मोदक करून नेते, वसईच्या बायकांना तांदळाच्या उकडीचं काय शिकवायचं! पण तिथेही दरवर्षी कोणीतरी कौतुकाने म्हणतंच, "तुम्ही ख्रिश्चन असून मराठी किती छान बोलता." वाईट हेतूने कोणी म्हणत नाही हे मला माहितीय, तरी प्रत्येक वेळी लागतं. माझी मातृभाषा आहे ती, मी छान नाही बोलणार तर कोण बोलणार. आणि डिसेंबरात मंडळाची ख्रिसमस पार्टी होते त्यात डीजे, हिंदी गाणी, सांताची टोपी, बाहेरून मागवलेला केक. मी एकदा धीर करून विचारलं की यावेळी आम्ही थोडा वसईचा नाताळ करू का, तर कमिटीतले लोक चटकन हो म्हणाले, त्यांना फक्त असं काही असतं हेच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही हॉलच्या कोपऱ्यात गोठा मांडला, मी आणि अजून दोन वसईकर कुटुंबांनी मिळून मराठी नाताळगीतं म्हटली. मग एक काका उठले, अहिल्यानगरकडचे, प्रोटेस्टंट, कित्येक वर्षं मंडळात येतात आणि बऱ्याच जणांना ते ख्रिश्चन आहेत हेच ठाऊक नव्हतं, त्यांनी पेटी मागितली आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं एक भजन म्हटलं, अगदी वारकरी चालीत. हॉलमधल्या म्हाताऱ्या आजी टाळ्यांचा ठेका धरून बसल्या. मी कॅथलिक, मला ते भजन माहीत नव्हतं आणि त्यांना आमचं एकही गाणं माहीत नव्हतं, एकाच राज्यातली माणसं आम्ही, आणि भेटलो कुठे तर लेस्टरच्या भाड्याच्या हॉलमध्ये. आणि कुलकुलचा डबा तर आधीच फस्त झाला, सोलापूरच्या एका वहिनींनी कंगवा हातात घेऊन शिकून घेतलं.

म्हणून म्हणते, प्रत्येक मंडळाने एकदा आपल्यातल्या मराठी ख्रिश्चन कुटुंबांना शोधावं आणि विचारावं. डीजे राहू दे, पण एक अर्धा तास मराठी नाताळला द्या. पैसे लागत नाहीत याला.

दुसरी विनंती पालकांना, आणि ही कुठल्याही धर्माच्या पालकांना आहे. तुमची मुलं एवढ्या मोठ्या संख्येने इकडे शिकायला येतायत. डिसेंबरच्या मध्यावर कॉलेजं बंद होतात, इथली मुलं घरी जातात, तिकीट महाग म्हणून आपली मुलं मागे राहतात. होस्टेलच्या अख्ख्या मजल्यावर एखादंच पोर. त्यांना आधीच सांगा की २४ च्या दुपारपर्यंत खाण्यापिण्याचं सामान भरून ठेवा, त्या संध्याकाळीच गाड्या लवकर बंद होतात, २५ ला काही चालत नाही आणि २६ लाही फारसं काही नसतं, कुठे जायचं असेल तर आधीच जाऊन राहा. आणि त्या दिवशी फोन जरूर करा. नाताळ आपला सण नाही मग मुलाला काय फरक पडतो असं समजू नका, अख्खं शहर दारं लावून बसलेलं असताना चार वाजता अंधार पडला की कोणालाही फरक पडतो. मी बघितलीत ती पोरं, एकाने तर दोन दिवस फक्त मॅगी आणि बिस्किटावर काढले होते आणि आईला सांगितलं होतं की मित्रांबरोबर पार्टी करतोय.

आम्ही आता सुट्टी असेल त्या नाताळला अशा मुलांना घरी बोलावतो. मंडळाच्या ग्रुपवर आधीच टाकते, चालत येता येईल ते चालत येतात, बाकीच्यांना नवरा गाडीने घेऊन येतो. कोणी नाशिकचं, कोणी लातूरचं, बहुतेकांनी आयुष्यात कधी नाताळ केलेला नसतो. आदल्या दिवशी आलेल्यांना मी कुलकुलला बसवते, खालीच, चटईवर. चिकनचं इंद्याल करते, शाकाहारी असेल त्याला बटाट्याचं. जेवताना सगळ्यांचे घरी व्हिडिओ कॉल चालू असतात आणि आया एकमेकींना फोनमधून ओळख करून देतात, गेल्या खेपेला लातूरच्या एका काकूंनी माझ्या आईचा नंबर घेतला आणि आता त्या दोघी माझ्याशिवायच बोलत असतात.

आणि तिसरी विनंती तुम्हाला, संपादक महोदय. यंदाच्या नाताळच्या पुरवणीत वांद्रे आणि गोवा जरूर छापा, पण एखादा वार्ताहर वसईला पाठवा, निर्मळ, गास, नंदाखाल, गिरीज, पापडी कुठेही पाठवा, आधी फोन करायचीसुद्धा गरज नाही, दार उघडं असतं. एखादा अहिल्यानगर भागातल्या गावात पाठवा जिथे नाताळला भजनं होतात. ती पानं आम्ही इथे मोबाइलवर वाचू आणि मी ती माझ्या मुलीच्या बाईंनाही दाखवेन. पत्र फार लांबलं याची मला कल्पना आहे. जागा कमी पडली तर माझ्या वॉर्डाचं आणि नाचणीचं काढून टाका, पण मंडळांचं आणि विद्यार्थ्यांचं कृपया कापू नका आणि शक्य झालं तर २० डिसेंबरच्या आत छापा, म्हणजे ज्यांना सामान भरायचंय त्यांना वेळ मिळेल.

आपली नियमित वाचक,
एक वसईकर परिचारिका,
लेस्टर, इंग्लंड